साखर ताब्यात

गणिताच्या सरांचा अल्लावरचा विश्वास चार वर्षांपूर्वी उडाला आणि नशिबाने त्याच सुमारास त्यांना मधुमेह झाला. दर रमजानला डॉक्टरांची चिठ्ठी अम्मीपुढे धरली, की रोज्याचं नाव कुणी काढत नसे. यंदा मात्र डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "साखर एकदम ताब्यात. खुशाल रोजे धरा."

सर पाय ओढत घरी आले. उद्यापासून रमजान, म्हणून अम्मीने त्यांची टोपी धुऊन वाळत घातली होती. बायकोने स्वयंपाकघरात रिपोर्ट नीट वाचला, घडी केली आणि पिठाच्या डब्याखाली सारला.

"अम्मी, यांची साखर अजून वाढलेलीच आहे हो," तिने आतूनच सांगितलं.

सर स्वयंपाकघराच्या दारात आले.

"या खोट्याची माफी मीच मागते," ती हळूच म्हणाली. "तुम्ही कुणाकडे मागणार?"