दुसरा ब्रेक

“हे तुमच्याजवळच ठेवा, सर.” कौसल्याबाईंनी लायसन टेबलावर सरकवलं. “मी याच्या लायकीची नाही.”

प्रेमानंद सर बघतच राहिले. त्यांच्या ड्रायव्हिंग क्लासात लोक पेढे घेऊन यायचे. लायसन परत करायला आजवर कुणी आलं नव्हतं.

कौसल्याबाई खाप्याच्या. नवऱ्याला, देवाजींना, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी शहरात, धंतोलीला आणावं लागे. भाड्याच्या गाड्या ऐनवेळी दगा देत. म्हणून बाई पन्नाशीत स्टिअरिंगवर बसल्या, पहिल्याच झटक्यात आरटीओची ट्रायल पास झाल्या आणि सरांचं नाव त्यांनी अख्ख्या खाप्यात गाजवलं.

“काय झालं, बाई?”

“काल सकाळी यांले घेऊन येऊन राहिली होती. एक पोरगी सायकलनं आडवी आली. मले दिसली, सर. चांगली दुरून दिसली. पण गाडी वेळेवर थांबलीच नाही.” बाईंना रडू फुटलं. “पोरीचा पाय मोडला. रॉड टाकला.”

“ब्रेक गेला होता का?” सरांनी विचारलं. उत्तर ठाऊक असताना विचारलं, ही आणखी एक लबाडी.

“ब्रेक चांगला आहे. पोलिसांनी पाह्यला. माह्याच पायात खोट आहे. तुमच्या गाडीत तर बराबर थांबे. मी पोलिसांले सांगितलं, सरांनी चांगलं शिकवलं, मीच शिकली नाही.”

शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. अडीनडीला जीव वाचवायला. सरांचा पाय मात्र त्यावरून कधी हटलाच नव्हता. बाईंना थांबायचं सुचायच्या आत ते ब्रेक दाबून मोकळे व्हायचे. असं केलं की शिकणारा घाबरत नाही, खूश राहतो, आणखी चार जणांना घेऊन येतो. ट्रायलच्या दिवशी साहेब मैदानात उभे असतात. आत कुणाचा पाय कुठे आहे, ते त्यांना काय दिसणार! सर याला मदत म्हणायचे. मदत कसली डोंबलाची!

आताही गप्प बसले असते तर निभावून गेलं असतं. बाईंनी सगळा दोष आपल्या पदरात घेतलाच होता. सरांना तेच सोसवेना. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

“खोट तुमच्यात नाही, बाई,” टेबलाकडे बघत ते म्हणाले. “ब्रेक मी दाबत होतो. रोज. ट्रायललाही मीच दाबला. शिकताना तुम्ही स्वतः गाडी कधी थांबवलीच नाही.”

बाईंचं रडणं थांबलं. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं. पण त्या सरांकडे बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या सरांच्या मागच्या भिंतीकडे. तिथे आजवर पास झालेल्यांचे फोटो लावले होते, पार छतापर्यंत.

“मंग हे सारे, सर?” त्यांनी हळूच विचारलं. “हे सारे आता रस्त्यावर गाड्या चालवून राहिले न?”