बाकाची उंची

उभ्यानं रंदा मारायचं बाक करायचं, तर त्याची उंची कारागिराच्या मनगटाला बसवावी लागते. सोनाजी सुतारानं धोंडबा लोहाराच्या हातात एक काठी दिली. तिच्यावर त्याच्या लेकाच्या, लिंबाजीच्या मनगटाची खूण होती. रझाकारांशी लढायला सरहद्दीवरच्या कँपात जाण्याआधी पोरानं ती स्वतःच कोरली होती.

"पाय या मापानं काप," सोनाजी म्हणाला. "आला की लिंबाजी याच्यावरच काम करंल."

धोंडबानं काठीवरची खूण अंगठ्यानं चाचपली. लिंबाजीची राख पैनगंगेत सोडली, तेव्हा तोच सोनाजीला धरून उभा होता. आता बाकापाशी जो उभा राहणार, त्याच्याच मापाचं ते असावं म्हणून त्यानं रेल्वेच्या रुळाचे जाडजूड लोखंडी पाय गुपचूप सोनाजीच्या मनगटाच्या उंचीला कापले आणि वर सागाची फळी बसवली. बाक सुताराच्या पडवीत नेऊन ठेवायला सहा गडी लागले.

सोनाजीनं हात टेकवून पाहिला. "चार बोटं कमी हाय," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडबा येऊन पाहतो, तर चारही पायांखाली विटा. सोनाजी खांदे उचलून रंदा मारून राहिला होता. त्याची बायको द्वारकाबाई छिलके झाडत होती. घरात माणसं ही दोनच.

"विटा कोणी घातल्या, वैनी?"

"म्या सरकवल्या."

"अन् बाक कोणी उचललं?"

द्वारकाबाईचा झाडू थांबला नाही.

"ज्याचं हाय त्यानं."