मशीनचा आवाज

घराण्यातून विद्यापीठात पोचलेली ती पहिलीच. वसतिगृहातली खोली स्वतंत्र, टेबल ऐसपैस, आणि शांतता एवढी की एक अक्षर डोक्यात शिरेना. परीक्षा तोंडावर आलेली. सकाळपासून तेच पान उघडून बसलेली ती संध्याकाळी कंटाळली आणि तिने आईला फोन लावला.

पलीकडे शिलाई मशीनची खडखड चालू होती. आईने फोन घेतला आणि खडखड थांबली.

"मशीन का थांबवलंस?"

"तुझ्या त्या एवढ्या मोठ्या ठिकाणी आपली खडखड कशाला ऐकवू? आणि आता उठणारच होते. पाठीचा काटा ढिला झालाय नुसता."

"आई, लहानपणापासून मी त्या मशीनच्या पायाशी बसून अभ्यास केलाय. इथे काही सुचतच नाही बघ. शिवायचं उरलं असेल तर शिव ना थोडा वेळ. फोन तसाच राहू दे जवळ."

पलीकडे स्टूल पुढे ओढल्याचा आवाज आला.

"कामं कधी संपतात का बाई? वाच तू."

खडखड सुरू झाली. पान उलटलं, मग पुढचं, मग एक अख्खा धडा. बऱ्याच वेळाने दार वाजल्याचा आवाज आला. बाबा कामावरून आले असावेत.

"अगं, हे काय चाललंय? मशीनवर कापड कुठाय?"

"हळू बोला," खडखड न थांबवता आई म्हणाली. "पोरगी अभ्यास करतेय."