अप्पारावांचा गुरुवार

अप्पाराव चिकलठाण्याला एसटीतून उतरले. चार बाकं मागे बसलेल्या कांताबाई तोंडावर पदर ओढून त्यांच्या मागोमाग उतरल्या. अंबडपासून नवरा-बायको एकाच गाडीत होते आणि नवऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. अप्पाराव मागे वळून बघणाऱ्यांतले नव्हतेच.

शेजारच्या गिरिजाबाईंनी आठवड्यापूर्वी सांगितलं होतं, "तुमचे मालक जालन्याला उतरत न्हाईत. तसेच पुढं चिकलठाण्याला जातात. आमच्या जावयानं दोनदा पाह्यलं."

दर गुरुवारी सकाळी "जालन्याला जाऊन येतो" एवढंच म्हणून अप्पाराव निघत आणि दिवस मावळता परत येत. दोन वर्षं हे चाललं होतं. कांताबाईंनी कधी खोदून विचारलं नाही, कारण विचारून काही हाती लागत नसे. अंकुशनगरच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर तीस वर्षं काढलेला माणूस. घरात त्यांचे शब्द चारच: हं, नको, वाढ, झोपतो. मुलगी प्रिया लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हापासून घरात आवाज असा तो टीव्हीचा.

कांताबाईंनी पिशवी भरून आणली होती. तीन साड्या, बीपीच्या गोळ्या, चष्मा. तिथं कुणी बाई निघाली तर भांडायचं नाही, तिथूनच पुण्याची गाडी धरायची, असं त्यांनी ठरवलं होतं. प्रियाला अजून काही कळवलं नव्हतं.

अप्पाराव विमानतळाच्या लांबलचक भिंतीकडेनं चालत राहिले. भिंत वळते तिथं एक मोकळा प्लॉट होता. बाभळीच्या सावलीत चार-पाच जण उभे होते. त्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेली एक कॉलेजची मुलगी होती.

"काका आले," ती म्हणाली.

कांताबाई बंद पानटपरीच्या आडोशाला थांबल्या.

"हैदराबादचं लेट आहे का हो काका?" त्या मुलीनं विचारलं.

"पंधरा मिनिटं," अप्पाराव म्हणाले. "आन् आज वारा पश्चिमेचा हाय, गंधाली. मंग ते करमाडच्या बाजूनं येईल, आपल्या डोक्यावरून. इमान कायम वाऱ्याच्या तोंडावर उतरतं. पाठीवर वारा घेतला तर लवकर थांबत न्हाई."

एवढं बोलून ते थांबतील असं कांताबाईंना वाटलं. ते थांबले नाहीत. कोणतं विमान पंख्याचं, कोणतं बिनपंख्याचं, शेपटीजवळचा नंबर कसा वाचायचा, सगळं सांगत राहिले. हात हलवून सांगत होते. मध्येच एकदा हसले. माणसं ऐकत होती.

बाई असती तर बरं झालं असतं, असं कांताबाईंना वाटलं. बाईचं काय करायचं ते ठरलेलं होतं. ह्याचं काय करायचं, ते त्यांना समजेना. छत्तीस वर्षं त्यांनी ह्या माणसाला वाढलं होतं, आणि त्याला बोलता येतं हे त्यांना भिंतीपलीकडल्या विमानामुळे कळत होतं. मग राग आला. पिशवी उचलून त्या रस्त्याकडे वळल्यासुद्धा.

तेवढ्यात विमान आलं. सगळ्यांच्या माना वर झाल्या. आवाज अंगावरून गेला आणि भिंतीपलीकडे चाकं टेकली. कांताबाई मागे फिरल्या आणि सरळ जाऊन अप्पारावांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"चाकातून धूर कामून निघाला?" त्यांनी विचारलं.

"चाक हवेत थांबलेलं असतं ना बाई," अप्पाराव विमानावरची नजर न काढता म्हणाले. "खाली टेकलं की एकदम फिरतं. मंग रबर जळतं आन्..."

त्यांनी वळून पाहिलं. कांताबाईंचा पदर खांद्यावर आला होता. अप्पारावांचं तोंड मिटलं. चेहरा घरी असतो तसा झाला. गंधाली एकदा ह्यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघू लागली.

ठरवून आणलेलं सगळं बोलायची हीच वेळ होती. कांताबाई म्हणाल्या, "आन् वजन किती असंल त्याचं?"

अप्पारावांनी पुन्हा विमानाकडे पाहिलं.

"साठ टनाच्या आसपास," मग ते म्हणाले. "उसानं भरलेले दोन ट्रक समज. तीस वर्षं काट्यावर काढले मी. पण वजन वर जाताना कधी पाह्यलं न्हवतं."

"मला कामून न्हाई सांगितलं?"

"तुला वाटलं असतं, म्हाताऱ्याला येड लागलं."

"लागलंच हाय," कांताबाई म्हणाल्या.

मुंबईचं विमान उडेपर्यंत दोघं थांबले. परतताना अप्पारावांनी कांताबाईंच्या हातातली पिशवी घेतली. "अडीच किलो," ते म्हणाले. आत काय आहे ते विचारलं नाही.

अंबडवरून पुढे जाणारी कुंभार पिंपळगावची गाडी मिळाली. अंबडची दोन अर्धी तिकिटं काढून दोघं मागच्या बाकावर बसले. कांताबाईंनी विचारलं, इमानाला हॉर्न असतो का. मग विचारलं, त्याला मागं जाता येतं का. जालना आलं, गेलं. अप्पाराव सांगत होते.

शेवटी कंडक्टर मागच्या बाकापर्यंत आला. गाडीत दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"काका, उतरा. कुंभार पिंपळगाव आलं," तो म्हणाला. "तुमचं तिकीट तर अंबडचं होतं ना?"

अप्पारावांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं.

"अंबड कवा गेलं?"

"गेलं मघाशीच," कांताबाई म्हणाल्या. "दहा मिनिटं थांबल्ती गाडी. तुम्ही बोलून राह्यले होते."