पान अठरा

आमच्या शेतकरी कंपनीच्या वार्षिक सभेत अहवालाचं पुस्तक प्रत्येकाच्या मांडीवर होतं, आणि त्यावर तर्री-पोह्याची प्लेट. सोयाबीनच्या पैशातून नवे शेअर घ्यायचा फॉर्म बाबांनी भरून आणला होता. मी मात्र चार दिवसांत ते पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. अकरावीला कॉमर्स उगाच घेतलं नाही. हात वर केला. अध्यक्ष हसले, "बोल पोरी, पुस्तकात बाबाचा फोटो चांगला नाई आला का?" "फोटो मस्त हाये, काकाजी. पण पान अठरा पाहा. नफा बारा लाख अन् बँकेत चाळीस हजार. विकलेल्या डाळीचे पैसे वर्ध्याच्या एकाच व्यापाऱ्याकडे दोन वर्षं काऊन अडकले हायेत?" अध्यक्षांनी पाणी मागवलं. बाबांनी फॉर्मची घडी करून खिशात टाकली. "कोणतं पान म्हणली वं?" मागून कोणीतरी विचारलं, आणि मांड्यांवरच्या प्लेटा खाली उतरल्या.