सहा फुटांची खिडकी

“खिडकी तीन फुटांची नको. सहा फुटांची करा,” रूपराव म्हणाले.

ताराचंदनं पेन्सिल खाली ठेवली. हा तिसरा रविवार होता. रूपराव जाम गावाजवळचे शेतकरी. वय पन्नाशीचं, बारा एकर कपाशी, बोलणं मोजकं. दर रविवारी सकाळच्या मोटारीनं वर्ध्याला उतरायचे, नालवाडीत ताराचंदच्या घरापर्यंत चालत यायचे, ‘जय भीम’ म्हणून ओसरीवर टेकायचे आणि आपल्या नव्या घराच्या नकाशात काहीतरी बदलायचे.

ताराचंद वर्ध्यातल्या एका ठेकेदाराकडे इस्टिमेट काढायचा. नकाशा पाहून कुठं किती सळई लागेल ते सांगायचं, हे त्याचं काम. आठवडाभर ठेकेदाराचं, रविवारी घरी लोकांचं. साल अठ्ठावन्न. परमिटाशिवाय लोखंड मिळत नव्हतं, आणि अर्जाला पक्कं इस्टिमेट जोडावं लागायचं. कमी धरलं तर स्लॅब अर्ध्यावर अडायचा, जास्त धरलं तर अर्ज परत यायचा. ताराचंदचा एकही अर्ज अजून परत आला नव्हता.

“काका, सैपाकघराले एवढी खिडकी काऊन?”

“धूर निघून जाते. सकाळचं ऊनही येते.”

“खिडकीवरची बीम लांबते ना. चार सळया, एकेक तीन फूट जास्त. वरून त्या बांधाच्या कड्या. पाच शेर लोखंड वाढलं.”

“वाढू द्या.”

अनुसयाबाई चहा घेऊन आल्या. ताराचंदची आई. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचून त्यांनी मुलाला मॅट्रिकपर्यंत नेलं होतं. रूपरावांनी उभं राहून कप घेतला.

“बाई, चुलीचा ओटा किती उंच पाह्यजे?”

“मले काय विचारता?”

“घरात बाईमाणूस नाई. चार वर्सं झाले. पोरगी हाये, पण ते मास्तरीण. चुलीपाशी कमीच राह्यते.”

अनुसयाबाईंनी हात कमरेशी धरून दाखवला. “कमरेइतका करा. खाली बसून बसून गुडघे जातात. अन् चुलीपासून आंगण दिसलं पाह्यजे. नाई तं बाई दिवसभर कोंडल्यावानी होते.”

रूपरावांनी मान हलवली. पुढच्या रविवारी नकाशात स्वयंपाकघर मागून पुढं आलं होतं, आणि दोन हातांनी वाढलंही होतं.

ताराचंदनं पहिल्यापासून मोजलं. सळयांची लांबी, टोकाला वळवायचे आकडे, जोड, कापताना जाणारी शेकडा पाच तूट. बेरीज सव्वापंधरा मणांवर गेली.

“काका, अर्ज चौदा मणाचा हाये. सही झाली, अन् परवाच्या मंगळवारी शेवटची तारीख. एवढं बसत नाई. खिडकी लहान करू.”

रूपरावांचा चेहरा उतरला. “खिडकीले हात नका लावू.”

“मंग सैपाकघर?”

“तेही राहू द्या.”

ते दुपारच्या मोटारीनं परत गेले. कागद मात्र ताराचंदपुढं ठेवून गेले.

“तुले अजून समजलं नाई काय?” आई म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. “कोणी माणूस घराच्या कागदापायी चार चार खेपा करते काय? तो घर नाई पाहून राह्यला. तुले पाहून राह्यला.”

“मले?”

“पोरगी हाये ना त्याची. भागीरथा नाव. मी विचारून घेतलं.”

ताराचंद कागद पुढं ओढून बसला. त्या दुपारी तो जेवायचं विसरला. खिडकी लहान करून चालणार नव्हतं, स्वयंपाकघरही नाही. मग उरलं काय? नकाशातली ओसरी. ओसरीवर स्लॅब कशाला हवा? तिथं मातीच्या कवेलूंचं छप्पर घातलं तर सळईच लागत नाही. त्यानं पुन्हा बेरीज केली. तेरा मण पस्तीस शेर. आणखी दोनदा पडताळली. तेवढीच आली.

सोमवारी त्यानं ठेकेदाराकडून अर्ध्या दिवसाची सुटी घेतली आणि अर्ज स्वतः कचेरीत नेऊन दिला. बुधवारी रूपरावांना कार्ड टाकलं : ‘खिडकी सहा फूट कायम. अर्ज दाखल झाला. नक्कल घेऊन जाणे.’

रविवारी त्यानं इस्त्रीचा सदरा घातला. आईनं ओसरी सारवली, ठेवणीतल्या कपबशा काढल्या, आणि स्वतःही धुवट निळं लुगडं नेसली.

रूपराव आले. सोबत भागीरथा होती. उंच, सावळी, खांद्याला कापडी पिशवी. नमस्कार करून तिनं आधी इस्टिमेटाची नक्कल मागितली आणि बेरीज बोटानं तपासत खालपर्यंत गेली.

“बरोबर हाये,” ती म्हणाली. “ओसरीवर कवेलूचं चांगलं सुचलं तुमाले. उन्हाळ्यात थंडही राहीन.”

ताराचंदचे कान तापले. त्यानं घाईघाईनं तूट शेकडा पाच का धरतात ते समजावून सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

चहा झाला. रूपराव डोक्यावरची टोपी काढत होते, पुन्हा घालत होते.

“बाबा, आता तरी बोला,” भागीरथा म्हणाली.

रूपराव नुसते खाकरले.

“त्याइच्यानं होत नाई. महिनाभर झाला, नुसते नकाशे बदलून राह्यले. म्हणून मी सोबत आली. लोखंडाचं तं झालं. आता आमाले एक मागणं घालाचं हाये.”

अनुसयाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मुलाकडे पाहिलं. ताराचंदनं सदऱ्याची बाही उगाच खाली ओढली, मान खाली घातली.

भागीरथा त्याच्याकडे वळली. “आमच्या बाबासाठी तुमच्या मायले मागाले आलो आमी, दादा.”