आधी डोळे

“शंभर टक्के नोकरी, काकू. आमचं एकही मूल घरी बसलेलं नाही,” टेबलापलीकडची ताई म्हणाली आणि तिने पडद्यावरचा ड्रॅगन पुन्हा एकदा उडवला. ड्रॅगनने आग ओकली, आगीतून संस्थेचं नाव झळकलं. आई खुर्चीत पुढे सरकली. मुलगी मागे रेलली. ड्रॅगनचा खवला न् खवला चमकत होता, तरी त्यात काहीतरी नव्हतं. काय नव्हतं, ते तिला सांगता येईना.

ॲनिमेशन शिकायला घरातून तिला एक वर्ष मिळालं होतं. “जमलं तर चित्रं हलव, नाहीतर आत्याच्या दुकानात गल्ल्यावर बस,” बाबांनी सांगून टाकलं होतं. ते वर्ष कुठे पेरायचं, हे आज ठरायचं होतं. इथे, या गारेगार खोलीत. नाहीतर बाजारामागच्या माडीवर, त्या म्हाताऱ्या मास्तरांकडे, जिथे कॉम्प्युटर एकच आणि तोही फडक्याखाली झाकलेला. मुलगी मास्तरांकडे एक दिवस बसून आली होती. दिवसभर त्यांनी तिला खिडकीतून रस्त्यावरची माणसंच बघायला लावली. “माणूस उठायच्या आधी त्याचे डोळे उठतात,” ते म्हणाले होते. “आधी डोळे, मग मान, मग खांदा. तोंड सगळ्यात शेवटी. हे ज्याला दिसलं, त्याच्या हातचा दगडही चालायला लागेल.”

“तो म्हातारा तुला वर्षभर पेन्सिलीला टोकं करायला लावेल,” इथला जिना चढताना आई म्हणाली होती. आई शाळेची व्हॅन चालवायची. पोरं सुटायच्या आत तिला शाळेपाशी पोचायचं होतं, म्हणून व्हॅन तिने खाली रस्त्यातच उभी केली होती.

“शेवटची जागा राहिलीय, काकू. संध्याकाळपर्यंत तीही जाईल,” ताई म्हणाली.

आईने पर्स उघडली. मुलीची नजर भिंतीवर गेली. ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’ अशी सोनेरी अक्षरं, खाली फोटोंच्या ओळी, प्रत्येक फोटोखाली ‘नोकरी मिळाली’. चित्र काढणाऱ्याच्या डोळ्यांना चेहरा एकदा चिकटला की सुटत नाही. तो कुरळ्या केसांचा तर खालच्या चौकात व्हॅनच्या खिडकीतून पत्रक आत टाकणारा. ती गालावर तीळ असलेली दारातल्या टेबलावर नाव लिहून घेणारी. हनुवटीवर खळी असलेला तो आत्ताच पाण्याचे ग्लास ठेवून गेला. आणि वरच्या ओळीत मधोमध, हातात चषक घेऊन तोंडभर हसणारी, ती ही समोरची ताईच.

“आई,” मुलगी हळूच म्हणाली, “हे सगळे इथेच आहेत गं.”

आईने भिंत पाहिली. दार पाहिलं. ग्लास पाहिला. पर्सची चेन ओढली आणि ताईकडे वळली.

“काय गं पोरी, तू चित्रं कधी काढतेस?”

“मी सध्या... प्रवेशाचं बघते.”

“शेवटचं कधी काढलंस?”

ताईने टेबलावरची पत्रकं नीट लावली. ती आधीच नीट होती.

मग मात्र आईचा आवाज चढला. शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडणाऱ्या पोरांना थोपवणारा आवाज तो, काचा थरथरल्या. “हा तर साखळीचा खेळ झाला! जो सापडला, त्यानेच हात धरून पुढच्याला पकडायचं! बडा घर पोकळ वासा! लेकरांनी पदरात स्वप्न घेऊन यायचं, आणि तुम्ही त्यांच्या हातात पत्रकं कोंबायची? लाज कशी वाटत नाही?”

केबिनचं दार उघडून संस्थेचे साहेब बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीचंच हसू.

“बाई, ही नोकरी नव्हे का? गारव्यात बसते, महिन्याला पगार घेते. काम कसलं देऊ, हे आम्ही कधी म्हटलं होतं?”

मुलीच्या मनात आलं: गावातल्या लबाडाने वाट चुकवावी आणि वर विचारावं, चालायला तर मिळालं ना?

साहेबांनी ताईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. “हिलाच विचारा ना. हिच्याहून खरं कोण सांगणार?”

मुलगी ताईसमोर जाऊन उभी राहिली. ताईच्या बोटाला, पेन्सिल धरतात तिथे, जुना घट्टा होता. आता पार मऊ पडलेला.

“ताई, मी येऊ का इथे?”

ताईचे डोळे दाराकडे गेले. मागोमाग मान सूतभर वळली. खांदा उचलला, जणू अख्खी बाई उठून जिना उतरणार. पण खुर्चीवरचा हात जड झाला. खांदा खाली आला, मान फिरली, डोळे पत्रकांवर आले. तोंड सगळ्यात शेवटी हललं.

“ये ना. नक्की ये.”

“ऐकलंत?” साहेब म्हणाले.

मुलीने पिशवी खांद्याला लावली. “चल, आई. मास्तरांकडे.”

“अहो, पण ती ये म्हणाली ना!”

“तोंडाने,” मुलगी म्हणाली.

दारातून बाहेर पडताना तिने एकदाच वळून पाहिलं. पडद्यावर ड्रॅगन पुन्हा उडाला होता. पंख फडफडत होते, आग भडकत होती, आणि त्याचे डोळे सुरुवातीपासून जिथे होते तिथेच होते.